नॅनो बोर्डाच्या बूटलोडरचे उशिरा झालेले स्थित्यंतर

बोर्ड सुरू होताच सर्वप्रथम चालणारा आणि संगणकाकडून आलेला नवा प्रोग्रॅम चिपच्या स्मृतीत लिहून घेणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. इटलीतील इव्रिया येथे २००५ मध्ये सुरू झालेल्या आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांच्या प्रकल्पाने २०१० च्या उनो बोर्डावर 'ऑप्टिबूट' हा अवघ्या ५१२ बाइटांचा बूटलोडर दिला. मात्र त्याच जातीच्या चिपवर चालणाऱ्या आर्डुइनोच्याच नॅनो बोर्डावर २,०४८ बाइट अडवणारा जुना बूटलोडर २०१८ पर्यंत टिकून राहिला. जुन्यात उणिवा होत्याच: अडकलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू करणाऱ्या 'वॉचडॉग' या अंतर्गत घड्याळाने बोर्ड रीसेट केला, तर तो पुन्हापुन्हा रीसेट होण्याच्या चक्रात सापडे. तरीही या विलंबाला निव्वळ आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण जुना बूटलोडर सेकंदाला ५७,६०० आणि नवा १,१५,२०० बिट वेगाने संवाद साधत असल्याने, संगणकावरील बूटलोडरची निवड चुकली की प्रोग्रॅम बोर्डावर चढतच नसे, आणि विकल्या गेलेल्या बोर्डांवरील बूटलोडर बदलण्यास वेगळा प्रोग्रॅमर, म्हणजे चिपवर थेट लिहिणारे उपकरण, जोडावे लागे. अखेर जानेवारी २०१८ पासूनचे नॅनो नव्या बूटलोडरसह विकले जाऊ लागले, आणि जुन्या बोर्डांसाठी आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधील यादीत 'जुना बूटलोडर' हा स्वतंत्र पर्याय ठेवण्यात आला.