भरल्या जलाशयाखाली

कऱ्हाडजवळच्या आगाशिव डोंगरातील बौद्ध लेणी सुमारे 2000 वर्षांपूर्वी ज्या कारागिरांनी कोरली, त्यांच्या कसबाचे मर्म काढून टाकलेल्या दगडापेक्षा शाबूत राखलेल्या दगडात अधिक आहे. कारण भिंत आणि छत ही त्या राखलेल्या पाषाणातूनच सिद्ध झाली. सातारा जिल्ह्यात हीच विद्या विसाव्या शतकाच्या अखेरीस कोयनेच्या काठी कसोटीस लागली.

सह्याद्रीचा फत्तर दिसावयास अभेद्य, परंतु तो एकजिनसी नव्हे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेल्यामुळे घट्ट काळ्या पाषाणाच्या पोटात कोठे स्फटिकांचे पांढरे दाणे भरलेला मांजऱ्या खडक लागतो, तर कोठे दोन थरांच्या मधोमध तांबड्या मातीचा पट्टा आढळतो, जो ओल लागताच ढिला पडतो. त्यात 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झालेल्या भूकंपाने या मुलखाच्या स्थैर्याविषयीचा भरवसाच डळमळीत केला. 103 मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या माथ्याकडील भागास तडे गेले आणि पुढे त्यास काँक्रीटचे भक्कम टेकू द्यावे लागले.

अशा भूमीत कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या 1000 मेगावॅटच्या चौथ्या टप्प्यासाठी धरणाच्या शिवाजीसागर जलाशयातून पाण्याला नवी वाट काढावयाची होती. जलाशय रिता करावा, तर चालू वीजनिर्मिती खंडित होणार, आणि कऱ्हाडच्या संगमावरून सांगलीकडे जाणाऱ्या कृष्णेच्या उन्हाळी पाण्यासही बाध येणार. म्हणून नॉर्वेत रूढ असलेल्या रीतीची तजवीज झाली. या रीतीत बोगदा तळ्याच्या बुडाखाली आणून शेवटी खडकाचा एक बूच तेवढा राखतात. पुढे भोके पाडून त्याची जाडी आजमावतात, झिरपणाऱ्या भेगा सिमेंट दाबून बुजवतात, कोसळणारा राडारोडा झेलण्यासाठी खाली खड्डा खणतात, आणि मगच एका स्फोटात तो बूच उडवून देतात. वरच्या पाण्याचा अफाट भार तोवर त्या अखेरच्या खडकानेच तोलून धरावयाचा असतो.

13 मार्च 1999 रोजी हा प्रयोग कोयनेत यशस्वी झाला आणि 25 एप्रिल 2012 रोजी त्याची पुनरावृत्तीही झाली. आज मुंबईच्या जुन्या इमारतींखालून मेट्रोचे बोगदे गेले आहेत, तेथेही प्रश्न मूलतः हाच होता: वरचे जीवन निर्वेध चालू ठेवून खालचा खडक किती काढावा आणि किती राखावा. या प्रश्नाचे उत्तर आपल्या डोंगरांत ज्यांनी शोधले, त्यांची नोंद जिल्ह्याच्या इतिहासात गडकोट बांधणाऱ्यांच्या शेजारी झाली पाहिजे.