कार्बन डायऑक्साइडची भूगर्भीय साठवण क्षमता कशी ठरवतात?

वीजकेंद्रे व कारखान्यांच्या धुरातून वेगळा केलेला कार्बन डायऑक्साइड वायू जमिनीखाली खोल खडकांत साठवता येतो. एखाद्या ठिकाणी तो किती मावेल, याचा अंदाज बांधणे म्हणजे साठवण क्षमतेचे मूल्यमापन.

हा साठा गुहेसारख्या मोकळ्या जागेत होत नाही. वालुकाश्मासारख्या सच्छिद्र खडकाच्या कणांमधील फटींत खारे पाणी असते. ते बाजूला सारून वायू तिथे शिरतो. साधारण ८०० मीटरपेक्षा जास्त खोलीवर दाबामुळे वायू द्रवासारखा दाट होतो आणि कमी जागेत जास्त मावतो. तो वर निसटू नये म्हणून या खडकावर शेलसारख्या अभेद्य खडकाचे झाकण लागते.

समजा, १०० चौरस किलोमीटरवर ५० मीटर जाडीचा थर आहे आणि त्याची सच्छिद्रता २० टक्के आहे. फटींचे एकूण आकारमान १०० कोटी घनमीटर होईल. घनमीटरमागे ६०० किलो वायू धरला, तर क्षमता ६० कोटी टन दिसते. पण वायू सगळ्या फटींत पोहोचत नाही. पाण्यापेक्षा हलका असल्याने तो झाकणाखाली पसरतो. म्हणून या आकड्याला कार्यक्षमता गुणांकाने गुणतात. तो २ टक्के धरल्यास उरतात फक्त १.२ कोटी टन. कोळशावरील १,००० मेगावॉटच्या वीजकेंद्रातून तेवढा वायू सुमारे दोन वर्षांत बाहेर पडतो.

दाबाची मर्यादा वेगळीच. वायू वेगाने सोडला तर दाब वाढून झाकणाला तडे जाऊ शकतात. नॉर्वेच्या स्नोव्हिट प्रकल्पात २००८ मध्ये साठवण सुरू झाली. तिथे दाब अपेक्षेपेक्षा लवकर वाढला आणि २०११ मध्ये दुसरा थर वापरावा लागला. याउलट नॉर्वेच्याच स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून समुद्रतळाखालील जाड वाळूच्या थरात वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास वायू सोडला गेला, कारण तो थर विस्तीर्ण आहे.

भारताची सैद्धांतिक क्षमता नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात सुमारे ४०० ते ६०० अब्ज टन दिली आहे. तीत बेसाल्टचा वाटा मोठा असून महाराष्ट्राचा बहुतांश भाग याच खडकाचा आहे. बेसाल्टशी अभिक्रिया होऊन वायूचे खनिज बनते, हे आइसलँडमध्ये दिसले आहे. मात्र बेसाल्टमधील पोकळ्या व भेगा सगळीकडे सारख्या नसतात. त्यामुळे या आकड्यातली किती क्षमता खरोखर वापरता येईल, हे प्रत्येक ठिकाणी विंधन विहिरी घेऊन आणि दाबाच्या चाचण्या करूनच ठरवावे लागते.