जहाजावरील एक रेषा

बंदरांत उभ्या असलेल्या मालवाहू जहाजाच्या कुशीवर एक वर्तुळ व त्यास छेदणारी आडवी रेषा दिसते. ती रेषा पाण्याखालीं जाईल इतका माल भरूं नये, हा तिचा अर्थ. ही रेषा उमटावयास मोठें मोल पडलें.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील कित्येक मालक जीर्ण जहाजें बेसुमार लादून समुद्रांत लोटीत. विमा उतरलेला असल्यानें जहाज बुडालें तरी मालकाचें द्रव्य बुडत नसे. खलाशांचे प्राण मात्र जात. करारावर सही केल्यावर जो खलाशी अशा जहाजावर चढण्यास नाकारी, त्यास तुरुंगाची वाट दाखविण्यांत येई.

डर्बीचा पार्लमेंटांतील प्रतिनिधि सॅम्युएल प्लिम्सॉल यानें १८७३ सालीं ‘अवर सीमेन’ हें पुस्तक लिहून हा अनर्थ चव्हाट्यावर मांडला. २२ जुलै १८७५ रोजीं डिझरायलीच्या सरकारनें जहाजांविषयींचें बिल बाजूस सारतांच तो भर सभागृहांत संतापानें गर्जला. पुढें त्यानें माफी मागितली. पण लोकमत जागें झालें होतें. १८७६ च्या कायद्यानें रेषा सक्तीची झाली.

तथापि ती कोठें आंखावी, हें मालकानेंच ठरवावयाचें होतें! चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या, असाच हा प्रकार. चौदा वर्षांनीं, १८९० सालीं, तिची जागा सरकारी नियमानें ठरूं लागली. १९०६ च्या कायद्यानें ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परकी जहाजांसही ती लागू केली, आणि १९३० च्या लंडन येथील करारानें ती अनेक राष्ट्रांनीं मान्य केली.

कायदा होणें हें अर्धेंच काम. माप कोणाच्या हातीं आहे, यावरच दुबळ्याचें रक्षण अवलंबून असतें.