कळसूबाई : एका मुलीची अट आणि डोंगराचं पाणी

आज एका डोंगराची गोष्ट सांगणार आहे, आणि ती सुरू होते भांडी घासण्यापासून.

कळसूबाई हे आपल्या राज्यातलं सगळ्यांत उंच शिखर. समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. शाळेत पोरं एवढंच पाठ करतात. सबंध पश्चिम घाटात मात्र पहिला मान केरळातल्या अनमुडीचा, २६९५ मीटर. कळसूबाई उभी आहे ती अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांच्या हद्दीवर. एका अंगाला अकोले तालुक्यातलं बारी गाव, दुसऱ्या अंगाला इगतपुरी तालुका. वर माथ्यावर देवीचं छोटंसं देऊळ आहे, आणि नवरात्रात तिथे जायला दोन्हीकडच्या गावांतून बाया निघतात.

ही देवी कोण? जुनी माणसं सांगतात ते असं. कळसू नावाची कोळ्याची मुलगी होती, रानोमाळ भटकायची तिला भारी हौस. हिंडत हिंडत ती पायथ्याच्या इंदोरे गावात आली आणि एका कोळ्याच्या घरी कामाला राहिली. राहतानाच तिनं अट घातली, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बाकी सांगाल ते करीन. घरच्यांनी कबूल केलं. काही दिवस बरे गेले. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितलं. तिनं दोन्ही कामं केली, आणि करून झाल्यावर जी डोंगर चढून गेली ती मरेपर्यंत तिथेच राहिली. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

ही कथा इंग्रज सरकारनं १८८४ साली छापलेल्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही आहे. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं सरकारी पुस्तक. त्यात जमीन, पीक, जाती, बाजार, सारं लिहिलेलं असतं. साहेबांच्या त्या पुस्तकात एका मोलकरणीची अट नोंदली गेली, याचं मला फार वाटतं. देवीच्या गोष्टीत राक्षस येतो, नवस येतो, तसं इथे काहीच नाही. कामाचं ठरलं होतं काय आणि सांगितलं काय, एवढीच गोष्ट. ती भांडलीसुद्धा नाही. आपल्यापैकी ज्या कुणाच्या शेतावर, कुणाच्या घरी कामाला जातात, त्यांना ही गोष्ट फोड करून सांगायची गरज नाही.

आता ती ज्या डोंगरावर गेली, तो कशाचा बनलेला आहे ते बघू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटून तापलेला लाव्हा बाहेर आला. तो एकदाच आला नाही. आला, पसरला, थिजला. मध्ये काळ गेला, मग वर दुसरा थर आला. भाकरीवर भाकरी रचावी तसे हे थर आहेत. काही थर काळ्या पाषाणाचे, घट्ट. ते झिजत नाहीत, म्हणून तिथे उभे कडे राहिले. काही थर भोकाभोकांचे, मऊ. विहीर खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. ते झिजले आणि तिथे पट्ट्या पडल्या. त्या पट्ट्यांवर माती साठली, म्हणून वाड्या वसल्या, नागली-वरईची शेतं झाली. कळसूबाई चढताना आधी मोकळा सपाट टप्पा लागतो, मग छातीवर येणारा कडा, मग पुन्हा सपाट, ते यामुळेच. कड्यांच्या जागी आता लोखंडी शिड्या आहेत. त्या नव्हत्या तेव्हाही माणसं देवीला जातच होती.

भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्यांनी सह्याद्रीतल्या या थरांचे मोठे गट पाडले. त्यातल्या सगळ्यांत खालच्या, म्हणजे सगळ्यांत जुन्या गटाला त्यांनी नाव दिलं ‘कळसूबाई’. आज जगात कुठेही या खडकावर लिहायचं तर त्या मुलीचं नाव घ्यावं लागतं.

याच थरांमुळे इथल्या पाण्याचं दुखणं आहे. पश्चिमेकडून आलेला ढग घाटावर आपटतो आणि रिता होतो. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला घाटघर, रतनवाडीकडे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेच खाली संगमनेरला जा, चार-पाचशेवर येतो. अंतर म्हणाल तर एसटीनं दोन-तीन तासांचं. पण एवढा पाऊस पडूनही वरच्या वाड्यांतल्या बायांच्या डोक्यावर उन्हाळ्यात हंडा असतो. काळा पाषाण पाणी पीत नाही, आणि उतार इतका की माती फार साठत नाही. थोडं पाणी भेगांतून, मांजऱ्यातून आत मुरतं, खाली घट्ट थर किंवा लाल मातीचा थर लागला की आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटातून बाहेर येतं. तोच आपला झरा. त्याच्यामागे साठा लहान, म्हणून होळीनंतर तो बारीक होतो आणि पाण्याची वाट लांबते.

बाकीचं सगळं वाहून जातं. दक्षिणेचं पाणी प्रवरेला, उत्तरेचं दारणेकडे. दोन्ही नद्या शेवटी गोदावरीला मिळतात, एक नाशिकच्या खाली, दुसरी थेट नेवाशाजवळ प्रवरासंगमाला.

प्रवरेचं हे पाणी अडवायचं काम इंग्रजांनी १९१० साली सुरू केलं. दगडी बांधकामाचं भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरं झालं, उंची सुमारे ८२ मीटर. मुंबईच्या गव्हर्नरच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणाले, तलावाला आर्थर लेक. पाणी कालव्यांनी खालच्या कोरडवाहू मुलखात गेलं. तिथे ऊस उभा राहिला, आणि १९५० च्या सुमारास लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. खालच्या दुष्काळी गावांचं भलं झालं, हे नाकारायचं कारण नाही. पण धरण बांधताना पाणी कुणाला द्यायचं हे ठरलं, तेव्हा वरच्या वाड्यांना कुणी विचारलं नव्हतं. पाऊस त्यांच्या छपरावर, साठा त्यांच्या खोऱ्यात, आणि कालवा मात्र खाली.

या भागात साहेबाला आणि सावकाराला धडकी भरवणारा माणूस धरणाच्या आधीच होऊन गेला होता. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. सावकारी जाचाविरुद्ध त्यांनी महादेव कोळी समाजाला उभं केलं. १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. आता भंडारदऱ्याच्या जलाशयाला त्यांचंच नाव देण्यात आलं आहे.

डोंगराभोवतीचं रान १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. हिरडा, जांभूळ, बेहडा, करवंदीच्या जाळ्या, सात वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी. पाऊस यायच्या तोंडाशी झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात, आणि ते बघायला शहरांतून गाड्यांची रांग लागते. गाड्यांचे दिवे आणि मोबाईलच्या बॅटऱ्या काजव्यांना चालत नाहीत. अंधारात चमकूनच ते जोडीदार शोधतात. काजव्याची अळी जमिनीवर, ओल्या पाल्यात वाढते, म्हणून झाडाखाली तुडवातुडव झाली की पुढच्या वर्षीचे काजवे तिथेच चिरडले जातात.

पर्यटकांमुळे पायथ्याच्या गावांत चार पैसे येतात, हे खरं आहे. वाटेवर लिंबू सरबत, पिठलं-भाकरी विकून घर चालवणाऱ्या बाया आहेत. पण वर टाकलेल्या बाटल्या आणि वेष्टनं शेवटी कुणाच्या हातानं गोळा होतात? ज्या मुलीनं केर काढणार नाही म्हटलं, तिच्याच डोंगरावर आपण केर टाकून येतो.

झऱ्यांचं एक सांगायचं राहिलं. कोणता झरा माघात आटतो, कोणता चैत्रापर्यंत टिकतो, हे तलाठ्याच्या दप्तरात सापडणार नाही. पाणी भरणाऱ्या बाईला ते माहीत असतं. तुमच्या गावात डोंगर असेल तर गटाच्या बैठकीत एका वहीत झऱ्याचं नाव, जागा आणि आटण्याचा महिना लिहायला घ्या. समतल चर खणायचे, झाडं लावायची, तर ती झऱ्याच्या वरच्या अंगाला. मात्र खडकाचे थर तिरके असले तर झऱ्याचं पाणी शेजारच्या उतारावर मुरलेलं असू शकतं. म्हणून चर आखण्याआधी जाणकाराला जागेवर आणा आणि ती वही त्याच्यापुढे ठेवा.

आणि नवरात्रात कळसूबाईला जाणार असाल तर पहाटेच निघा. चढायला तीन-चार तास धरा. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका, प्यायचं पाणी खालूनच घ्या. शिडीवर एका वेळी थोड्याच जणी चढा आणि उतरणाऱ्यांना आधी वाट द्या.