पंक्चर काढणारे हात

‘अभ्यास केला नाहीस तर पंक्चर काढत बसशील!’ हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. घरात, वर्गात आणि अलीकडे राजकीय वादांतही ‘पंक्चर काढणे’ हा शब्दप्रयोग आयुष्यातील अपयशाचा समानार्थी म्हणून वापरला जातो. वर्गात शिकवताना एकदा माझ्याही तोंडून हे वाक्य निसटले. तासानंतर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी येऊन शांतपणे म्हणाला, “सर, माझे वडील पंक्चर काढतात. माझी फी त्यातूनच भरली आहे.” मी त्याची क्षमा मागितली. पण ते वाक्य माझ्या जिभेवर इतके सहज कसे बसले होते, हा प्रश्न मनातून गेला नाही. सायकलच्या इतिहासाकडे मी वळलो तो त्या प्रश्नामुळे. तिथे एक काळ असा सापडला की ज्यात पंक्चर काढणारे लोक देशाचे नायक होते.

रबरी नळीत हवा कोंडून तिच्यावर चाक फिरवावे, ही कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्येच पेटंटबद्ध केली होती. पण काळाने ती स्वीकारली नाही. पुढे बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉईड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. दुसऱ्याच वर्षी बेलफास्टच्या शर्यतीत विली ह्यूम हा सायकलपटू हवेच्या टायरवर बसून जिंकला, आणि भरीव रबराचे दिवस भरले.

हवेच्या टायरबरोबरच पंक्चरही जन्माला आले. डनलॉपचा टायर चाकाला डकवून पक्का केलेला असे, त्यामुळे तो उतरवणे हेच मोठे काम होते. फ्रान्समधील क्लेर्मों-फेरां येथे मिशलँ बंधूंच्या कारखान्यात १८८९ मध्ये एक सायकलस्वार असाच फुटका टायर घेऊन आला. दुरुस्तीला काही तास लागले, आणि डिंक वाळावा म्हणून चाक रात्रभर ठेवावे लागले. सकाळी एदुआर मिशलँ ती सायकल घेऊन थोडा दूर जातो न जातो तोच टायर पुन्हा बसला. या अनुभवातून १८९१ मध्ये त्यांचा सुटा होणारा टायर आला. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेरों याने त्या टायरवर जिंकली. पुढच्या वर्षी मिशलँनी स्वतः शर्यत भरवली आणि आपला टायर किती चटकन दुरुस्त होतो हे दाखवण्यासाठी रस्त्यावर चक्क खिळे पेरले, असे सांगतात. जाहिरातीच्या इतिहासात याहून टोकदार उदाहरण क्वचितच असेल.

आपल्या गल्लीतली सायकल या सुट्या टायरच्या वंशातली. टायर वेगळा, ट्यूब वेगळी. टायरची कड उचलायची, ट्यूब ओढून पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे दिसले की जागा घासायची, सोल्यूशन लावायचे, ठिगळ दाबायचे. दहा मिनिटांत काम फत्ते. शर्यतीच्या सायकलस्वारांनी मात्र दुसरीच वाट धरली. त्यांच्या चाकावर ‘ट्युब्युलर’ असे. यात ट्यूब कापडी आवरणात घालून ते आवरण आतल्या बाजूने शिवून बंद केलेले असते, शिवणीवर कापडी पट्टी चिकटवलेली असते आणि ही गोल नळी खास डिंकाने रिमला डकवलेली असते. रिमला कड लागत नसल्याने चाक हलके होते, हवा दाबून भरता येते, आणि हवा अचानक गेली तरी टायर रिमला धरून राहतो.

या गुणांची किंमत पंक्चर झाल्यावर मोजावी लागते. ट्युब्युलरचे पंक्चर काढणे हे अर्धे चांभाराचे आणि अर्धे शिंप्याचे काम आहे. आधी टायर रिमवरून सोलून काढायचा. छिद्राची जागा नेमकी हेरायची, कारण चुकीच्या जागी उसवले तर श्रम दुप्पट. पट्टी उचलायची, पुन्हा शिवताना दोन्ही काठ नीट जुळावेत म्हणून शिवणीवर आडव्या खुणा करायच्या, मग आतल्या ट्यूबला धक्का न लावता बोटभर लांबीचे टाके कापायचे. ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावायचे, ती कुठे चिकटू नये म्हणून शंखजिऱ्याची पूड चोळायची आणि आत सारायची. नंतर जाड सुई आणि मेणवलेला दोरा घेऊन जुन्याच भोकांतून टाके घालायचे. सुईचे टोक ट्यूबला लागले तर पहिल्यापासून सुरुवात. शेवटी पट्टी डकवायची, टायर ताणून रिमवर बसवायचा आणि डिंक धरण्याची वाट पाहायची. घरी निवांत बसून करायलाही हे काम किचकट आहे.

‘टूर द फ्रान्स’ १९०३ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचा सूत्रधार आंरी देग्रांज याचे तत्त्व असे होते की ही स्पर्धा माणसाच्या एकट्याच्या सामर्थ्याची असावी. बाहेरची मदत निषिद्ध. म्हणून त्या काळातील छायाचित्रांत स्वारांच्या खांद्यांवरून जानव्यासारखे आडवे घातलेले टायर दिसतात. पंक्चर झाले की खांद्यावरचा टायर चाकावर चढवायचा. फुटका टायर मुक्कामी शिवायचा. पण खांद्यावरचे टायर संपले तर रस्त्याच्या कडेला बसून सुईदोरा काढण्याला पर्याय नसे. १९१३ मध्ये युजीन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा पिरेनीज पर्वतात तुटला. सायकल खांद्यावर टाकून तो कित्येक किलोमीटर चालत सँत-मारी-द-कांपां गावी लोहाराच्या भट्टीवर पोहोचला आणि स्वतःच्या हाताने त्याने चिमटा जोडला. भात्याला एका पोराचा हात लागला, म्हणून त्याला दंड झाला.

पहिल्या महायुद्धानंतरची १९१९ची टूर तर उद्ध्वस्त रस्त्यांवरून गेली. टायरांचा तुटवडा होता. ५५६० किलोमीटर अंतर, १५ टप्पे. ६७ जण निघाले आणि अंतिम यादीत केवळ १० उरले. शर्यत पुरी केलेल्या पॉल द्यूबॉकला बाद केले गेले, कारण पेडलचा दांडा दुरुस्त करून घेण्यासाठी तो मोटारीतून गेला होता. याच स्पर्धेतली बेल्जियमच्या लिओं सिएरची एक कथा सायकलच्या इतिहासात सांगितली जाते. पावसापाण्यात त्याचे टायर एकामागून एक फुटले. एका घराच्या उंबऱ्यावर बसून तो टायर शिवू लागला. पण गारठलेल्या बोटांना सुईत दोरा ओवता येईना. घरातल्या म्हातारीला त्याने दोरा ओवून देण्याची विनंती केली. शेजारी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने बजावले : बाईने दोरा ओवला तर दंड होईल.

सिएर त्या वर्षी चौथा आला आणि १९२१ मध्ये जिंकला. त्या विजयातही आरे तुटलेले चाक पुरावा म्हणून दाखवता यावे यासाठी त्याने ते पाठीवर बांधून शेकडो किलोमीटर वाहिले, आणि त्याचा व्रण पुढे कित्येक वर्षे पाठीवर राहिला, असे म्हणतात.

उंबऱ्यावरच्या त्या प्रसंगात मला नियमाचा कठोरपणा दिसतो, त्याहून अधिक नियमाचे अज्ञान दिसते. म्हातारीने सुईत दोरा ओवला तर स्वावलंबन भंगते. मग तो टायर कोणाच्या हातांनी झाला होता? त्याचे सूत कोणी कातले, कापड कोणी विणले, कारखान्यात पहिली शिवण कोणी घातली? आणि रबर कुठून आले?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सिएरच्याच देशाच्या इतिहासात आहे. हवेच्या टायरमुळे १८९०च्या दशकात रबराची मागणी भडकली, तेव्हा बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड काँगोचा खासगी मालक होता. जंगलातील वेलींचे रबर गोळा करण्यासाठी गावांवर सक्ती होई, बायकांना ओलीस ठेवले जाई. शिपायांनी गोळी वाया घालवली नाही याचा पुरावा म्हणून माणसांचे तोडलेले हात जमा केले जात. काही वेळा ते जिवंत माणसांचेही असत. ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट याचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९०८ मध्ये लिओपोल्डला काँगो सोडावा लागला. १९१९ पर्यंत बहुतेक रबर आग्नेय आशियातील मळ्यांतून येऊ लागले होते. म्हणजे सिएरच्या मांडीवरचा टायर काँगोचा होता असे म्हणता येणार नाही. पण ज्या धंद्यातून तो आला त्या धंद्याचा पाया त्या हातांवर उभा होता. यांपैकी एकाही हाताची नोंद नियमपुस्तिकेत नव्हती. तिला दिसत होता तो केवळ म्हातारीचा हात.

पुढे नियम सैल झाले. १९३० पासून राष्ट्रीय संघ आले, सोबत्याची मदत रीतसर ठरली. १९३४ मध्ये वीस वर्षांच्या रने व्हिएतोने आपल्या नायकाला, आंतोनँ मान्यला, स्वतःचे चाक काढून दिले आणि तो दगडी कठड्यावर बसून रडला. मान्य जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिले ते कठड्यावरचे पोर. आज व्यावसायिक स्वाराला मागच्या गाडीतून चाक मिळते, काही सेकंदांत. ट्युब्युलरची जागाही बऱ्याच अंशी ट्यूबविरहित टायरने घेतली आहे, आणि टाके उसवून पंक्चर काढणारे हात थोडे उरले आहेत.

एक गोष्ट मात्र इतिहासाने माझ्यापुरती पक्की केली. सिएरने उंबऱ्यावर बसून जे केले तेच काम आपल्या नाक्यावर रोज चालते. एकाला आपण वीर म्हणतो, दुसऱ्याचे नाव घेऊन मुलांना भीती घालतो. फरक कामात नाही, बघणाऱ्याच्या जागेत आहे. त्या विद्यार्थ्याने नंतर एम.ए. पूर्ण केले. सुट्टीत तो वडिलांच्या दुकानात बसतो, आणि माझ्या गाडीचे चाक बसले की मी तिथेच जातो. पैसे देताना आता मी त्याच्या वडिलांना ‘काका’ म्हणतो. आधी काही म्हणत नसे.