अपघातानंतरची सदोष दुरुस्ती : दाद कोठे मागावी?

अपघातग्रस्त मोटार गॅरेजमधून परत आली आणि बिलाची बहुतांश रक्कम विमा कंपनीने भरली, की प्रकरण मिटले असे वाहनधारक गृहीत धरतात. मात्र काही दिवसांतच गाडी एका बाजूला ओढू लागते, टायरची एकच कड झिजते, पावसात पायाखाली पाणी साचते किंवा उन्हात पाहिल्यावर दाराचा रंग वेगळा दिसतो. तक्रार केल्यावर गॅरेज विमा कंपनीकडे बोट दाखवते आणि कंपनी गॅरेजकडे. या टोलवाटोलवीतून बाहेर पडायचे असेल, तर दोष नेमका कोणत्या टप्प्यावर उद्भवला हे आधी निश्चित करावे लागते.

दोष कोणाचा?

ठरावीक रकमेपेक्षा मोठ्या नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्वेक्षक करतो. कोणता भाग बदलायचा, कोणता दुरुस्त करायचा आणि त्यासाठी किती रक्कम मंजूर करायची, हे त्याच्या अहवालात नोंदलेले असते. मंजूर झालेला भाग बदललाच नाही, जुनाच पत्रा ठोकून वर पुट्टी भरली किंवा काम निष्काळजीपणे केले, तर जबाबदारी गॅरेजची. बदलणे आवश्यक असलेला भाग सर्वेक्षकाने केवळ दुरुस्तीयोग्य ठरवला असेल, तर तक्रार विमा कंपनीविरुद्ध करावी लागते. गाडी उघडल्यावर आतील नुकसान दिसले, तर काम पुढे नेण्यापूर्वी पूरक पाहणी करून घ्यावी. काम उरकल्यावर असे नुकसान अपघाताचेच होते हे सिद्ध करणे अवघड जाते.

कॅशलेस दाव्यात कंपनी आपल्या यादीतील गॅरेजला थेट पैसे देते. अशा वेळी तक्रारीत दोघांनाही सामील करून घेणे श्रेयस्कर.

ग्राहकाला भरावी लागणारी प्रत्येक रक्कम म्हणजे अन्याय नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. प्रचलित पॉलिसीत प्लॅस्टिक व रबराचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के, तर फायबरग्लासवर ३० टक्के घसारा वजा होतो. काचेवर घसारा नसतो. धातूच्या भागांवरील घसारा गाडीच्या वयानुसार वाढत जातो. शून्य घसाऱ्याचे जादा संरक्षण घेतले असल्यास त्याच्या अटींनुसार ही कपात टळते.

ताबा घेताना

गाडीचा ताबा शक्यतो दिवसाउजेडी घ्यावा. दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या कडांमधील फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हे पाहावे. ती कमीजास्त असेल, तर सांगाडा पूर्ववत सरळ झालेला नसण्याची शक्यता असते. चाकांच्या अलाइनमेंटचा छापील अहवाल मागावा आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहावी.

एअरबॅगचा दिवा विशेष लक्ष देऊन पाहावा. किल्ली फिरवल्यावर तो पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो पेटतच राहिला तर यंत्रणेत दोष असतो. तो मुळीच पेटला नाही, तर दिवा बिघडला असेल किंवा दोष झाकण्यासाठी तोडलाही असेल. उघडलेली एअरबॅग बदलल्याचे बिल सुट्या भागाच्या क्रमांकासह मिळाले पाहिजे. रंगातील फरक डोळ्यांना लगेच खुपतो, मात्र सांगाडा, सस्पेन्शन आणि एअरबॅग यांतील दोष पुढचा अपघात होईपर्यंत लपून राहू शकतो.

बदललेले जुने भाग विमा कंपनी भंगार म्हणून ताब्यात घेऊ शकते. म्हणून ते जाण्यापूर्वी पाहावेत आणि त्यांची छायाचित्रे काढावीत.

ताबा देताना गॅरेज समाधानपत्रावर सही मागते. त्यावर कोरी सही करू नये. आढळलेले दोष त्याच कागदावर लिहून मग सही करावी. सही झाली म्हणजे हक्क संपला असे मात्र नाही. फसवणूक, दिशाभूल किंवा दडपणाखाली पावती लिहून घेतल्याचे सिद्ध झाल्यास केवळ त्या सहीमुळे विमेदाराचा दावा बाद होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध अजमेरसिंग कॉटन या खटल्यात १९९९ साली दिला.

पैसे दिल्याखेरीज गाडी सोडणार नाही, अशी भूमिका गॅरेज घेऊ शकते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क कारागिराला आहे. मात्र काम ठरल्याप्रमाणे झालेले असणे ही त्यातील अट आहे. गाडीची निकड असेल, तर हरकत लेखी नोंदवून पैसे भरावेत आणि पावती घ्यावी.

तक्रारीचा क्रम

पहिली तक्रार गॅरेजकडे लेखी करावी आणि तिची प्रत दावा क्रमांकासह विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवावी. गॅरेजला दोष दूर करण्याची संधी देण्यापूर्वी दुसरीकडे काम करून घेतल्यास पुरावाच नष्ट होतो. दुसऱ्या अधिकृत सेवा केंद्राकडून दोषांचा लेखी अहवाल मात्र जरूर घ्यावा. गाडी चालवणे धोक्याचे असल्याचे त्यात म्हटले असेल, तर ती वापरू नये.

फेरदुरुस्तीसाठी नवा दावा दाखल करण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो मानू नये. हे काम मूळ दाव्याचाच भाग आहे. नव्या दाव्यात अनिवार्य कपात पुन्हा सोसावी लागते, नो क्लेम बोनसवर परिणाम होऊ शकतो आणि न घडलेला अपघात दाखवल्यास विमेदारच अडचणीत येतो.

विमा कंपनीने दाद न दिल्यास विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षभराच्या आत जाता येते. लोकपालांची कार्यालये मुंबई आणि पुणे येथेही आहेत. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र लोकपाल केवळ विमा कंपनीविरुद्धची तक्रार ऐकतो आणि तोच वाद ग्राहक आयोगात प्रलंबित असल्यास ती स्वीकारत नाही.

गॅरेज आणि विमा कंपनी या दोघांविरुद्ध एकत्रित दाद मागायची असल्यास जिल्हा ग्राहक आयोग हा मार्ग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगातही तक्रार करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. तक्रारीआधी सल्ला हवा असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

या सर्व ठिकाणी निकाल कागदपत्रांवर अवलंबून असतो. सर्वेक्षण अहवाल, अंदाजपत्रक, अंतिम बिल, अलाइनमेंटचा अहवाल, छायाचित्रे आणि पत्रव्यवहार एकत्र जपून ठेवावा. सर्वेक्षण अहवालाची प्रत विमा कंपनीकडून सुरुवातीलाच लेखी मागून घ्यावी. अहवाल आणि अंतिम बिल शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली, की मंजूर झालेला कोणता भाग प्रत्यक्षात बसलाच नाही, हे बहुधा तेथेच उघड होते.