नवस, मत आणि कौल : एका अर्थपरिवर्तनाचा मागोवा

नाणे मावळातील वडिवळ्याहून फार दूर नसलेल्या भाजे लेण्यांत चौदा लहान स्तूपांचा एक समूह आहे. पाच स्तूप गुहेत, तर नऊ बाहेर. इंग्रजी पुरातत्त्वलेखनाने अशा लहान स्तूपांना दीर्घकाळ ‘व्होटिव्ह’ म्हटले आणि मराठीत त्याचे ‘नवसाचे स्तूप’ झाले. भाज्याच्या काही स्तूपांवर मात्र अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशा स्थविरांची नावे कोरलेली आहेत. ती दिवंगत भिक्षूंची स्मारके होत. येथे कोणी काही मागितलेले नाही, म्हणून फेडण्याचाही प्रश्न नाही. ग्रेगरी शोपेन यांनी १९८७ मध्ये या संज्ञेवर घेतलेला आक्षेप रास्तच आहे. परकी संज्ञा अनुवादित होते तेव्हा तिच्यातील गृहीतकेही निमूटपणे अनुवादित होतात, याचे हे बोलके उदाहरण.

ही गृहीतके लॅटिन ‘व्होटुम’ या शब्दातून आलेली आहेत. ‘व्होटुम’ म्हणजे देवाशी केलेला सशर्त करार. इच्छा पुरी झाल्यास अमुक अर्पण करीन, असे म्हणणारा रोमन मनुष्य ती पुरी होताच देवाचा ऋणी ठरे, आणि नवस ‘सोडवल्या’ची नोंद वेदीवर कोरून ठेवी. मराठीतील ‘नवस फेडणे’ याच ऋणकल्पनेवर उभे आहे. कार्ल्याच्या एकवीरेपुढे नवस फेडायला येणाऱ्या कोळी कुटुंबाला ‘व्होटुम’ समजावून सांगावे लागणार नाही.

इंग्रजीतील ‘वोट’ हा याच ‘व्होटुम’चा वंशज. प्रथम त्याचा अर्थ नवस, इच्छा असा होता. पुढे सभेत व्यक्त केलेली इच्छा म्हणजे मत, हा अर्थ रूढ झाला. रोमन नागरिकाच्या मताला मात्र ‘सुफ्रागियुम’ हा वेगळाच शब्द होता. ख्रिस्ती उपासनेत त्याला प्रार्थनेचा अर्थ लाभला आणि इंग्रजीत ‘सफ्रेज’ कित्येक शतके मध्यस्थीची प्रार्थना म्हणूनही वावरला. म्हणजे प्रार्थनेचा शब्द मतपेटीकडे आला आणि मतपेटीचा शब्द देवळात गेला. या शब्दांचा प्रवास धर्माकडून ऐहिकतेकडे सरळ रेषेत झाला, असे मानणाऱ्या अभ्यासकांनी ही अदलाबदल ध्यानात घेतलेली बरी.

‘डिव्होशन’ही याच कुळातील शब्द आहे, परंतु त्याचे मूळ अधिक उग्र आहे. इ. स. पू. ३४० मध्ये व्हेसुव्हियसजवळच्या लढाईत सेनापती देकियुस मुस याने शत्रुसैन्यासह स्वतःला पाताळदेवतांना अर्पण केले, असे लिव्ही सांगतो. हे ‘देवोतियो’. येथे अर्पण करणाऱ्याचे स्वत्वच अर्पण होते. त्याने परत येऊन हिशेब मागायचा नसतो.

मराठीत ‘वोट’ला पर्याय म्हणून ‘मत’ आले. ‘मन्’ धातूपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘मानलेले’, ‘विचारलेले’. शैवमत, बौद्धमत यांत तो पंथाचाही वाचक आहे. त्याला ‘दान’ जोडले गेले, आणि खरी अडचण येथे सुरू होते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकटच्या यवनांनी आणि इतरांनी दिलेली दाने कोरलेली आहेत. दान दिले की दात्याचे स्वामित्व संपते. नवसाला निदान अट असते. दानाला तीही नसते. अर्थदृष्ट्या ‘मतदान’ नवसापेक्षा ‘देवोतियो’च्या अधिक जवळ जाते. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्तीविषयी इशारा दिला : धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणात ती अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. मतदाराने स्वत्व गमावण्याचा जो धोका त्यांनी दाखवला, तो आपल्या पारिभाषिक शब्दातच दडून बसावा, ही गोष्ट परिभाषाकारांना खटकायला हवी होती.

दुसरा शब्द मात्र कोणत्याही समितीने घडवलेला नाही. ‘कौल’ हा अरबी ‘कौल’, म्हणजे वचन. मराठेशाहीच्या कागदपत्रांत तो राजाने रयतेला दिलेला अभय आहे. पडीक जमीन लागवडीस यावी म्हणून आरंभी अल्प आणि वर्षागणिक चढता सारा ठरवणारा इस्ताव्याचा कौल दिला जाई. दादोजी कोंडदेवांच्या काळात मावळ अशा कौलांनी वसवला, असे बखरी सांगतात. कोकण-गोव्याच्या देवळांत हाच शब्द देवाच्या तोंडी गेला. मूर्तीला पाकळ्या लावून प्रश्न विचारावा. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. राजा देतो तो कौल, देव देतो तोही कौल. घेणारी नेहमी प्रजाच. आज मात्र वृत्तपत्रे ‘मतदारांचा कौल’ लिहितात. शब्द तोच राहिला, देणारा बदलला. मावळातील ज्या गावांच्या काळी-पांढरीने एके काळी कौल घेतला, तीच गावे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली कौल देतात. ‘व्होटुम’ची दिशा याच्या नेमकी उलट होती : तेथे आरंभीचे वचन दुर्बळाने बलवंताला दिलेले होते.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात विलीनीकरणाच्या प्रश्नावर लोकांना विचारले गेले, तेव्हा मराठी आणि कोंकणी दोन्हींनी त्याला ‘जनमत कौल’ हेच नाव दिले. महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी फूल, वेगळे राहण्यासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. देवळातल्या पाकळीची सवय असलेल्या मतदाराला कागदावरचे फूल सर्वस्वी अनोळखी वाटले असेल, असे म्हणवत नाही. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०.